ती कलमं रोगानं गेली नव्हती, रफीक

रफीक,

मला अक्षरं येतात, लेख येत नाहीत. चौथीनंतर मीच शाळा सोडली आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. गावच्या जमातीचा अंक निघतोय, तुझ्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे, असा फोन आला तेव्हा मी म्हटलं, शिकलेल्या माणसाकडून घ्या लिहून. आणि ठेवला फोन. दुसऱ्या दिवशी असरची नमाज झाल्यावर मीच उलटा फोन केला. म्हटलं, मी लिहितो, पण माझा एक शब्द कुणी इकडचा तिकडं करायचा नाही. तिकडून तो अंकवाला बिचारा विचारतो, "चाचा, जन्मतारीख, शिक्षण, कुठं कुठं नोकरी केली, ते पण द्या." मी म्हटलं, ते गावाला माहीत आहे. जे माहीत नाही ते लिहिणार आहे.

तुला इथं सौदीत, जुबैलच्या कबरस्तानात ठेवून चाळीस दिवस होऊन गेले. जाताना मी ओल्या फडक्यात सब्ज्याची चार रोपं नेली होती. आपल्याकडं कबरीवर सब्जा लावतात, अम्मांच्या कबरीवर तूच लावला होतास. रखवालदारानं माझा हात धरला. "ममनू, हाजी." इथं चालत नाही. सपाट माती, एक दगड, बस्स. मी वाद घातला नाही. तुझा थोरला भाई आणि वाद घातला नाही, ऐकतोस ना? सोबतचे लोक म्हणाले, भाई दुःखानं खचला. खचलो नव्हतो. मला लाज वाटत होती. ज्या माणसाच्या हातानं तुझी इतकी रोपं मेली, तो तुझ्या कबरीवर रोप लावायला निघाला होता.

आता वादावर येतो. आपल्या दोघांत दुसरं होतं काय?

कतीफच्या या नर्सरीत मी तुझ्या आधी चौदा वर्षं होतो. कलम बांधावं तर माझ्या हातानं, हे आपला कफील, म्हणजे इथला मालक, तोसुद्धा मानायचा. मग तू शेतीची पदवी घेऊन आलास. कफील तुला "मुहंदिस" म्हणायला लागला, म्हणजे इंजिनियर. मला आधीसारखंच "हाजी". ज्या पोराला मी कडेवर घेऊन खाडीतली होडी दाखवली, तो माझा साहेब झाला. मला अभिमान वाटायचा, आणि तुझं ऐकायची वेळ आली की अंगाला मुंग्या डसायच्या. दोन्ही खरं आहे.

हातात ती उजेड मोजायची चिमुकली पेटी घेऊन तू पानापानाशी थांबत फिरायचास. मी ओरडायचो, "काय डॉक्टर, ताप किती आहे?"

"ताप नाय भाई, जेवण बघतोय. उजेड हेच ह्यांचं जेवण."

कलम बांधायला मात्र तू माझ्याकडूनच शिकलास. परीक्षेत पहिला, पण तुझी बांधणी ढिली. "भाई, परत दाखव," म्हणायचास. दहा वेळा म्हणायचास, कामगारांसमोर म्हणायचास. तुला त्याची कधी लाज वाटली नाही. मला हे दोन शब्द जन्मात कुणाला म्हणता आले नाहीत.

एकदा तू म्हणालास, झाडही आपल्यासारखा श्वास घेतं, दिवसा आणि रात्रीही, थांबत नाही. मी हसलो. "नाक कुठं आहे त्याला?" तू चिडला नाहीस. तुझं न चिडणंच मला सहन व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी तू लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या धुऊन आणल्यास. खोडांना लावायचा चुना होताच, तो पाण्यात कालवलास आणि वरची निवळी गाळून घेतलीस. प्रत्येक बरणीत निवळीची एक वाटी आणि लिंबाच्या सारख्याच डहाळ्या, झाकण घट्ट. एक बरणी कलमांवरच्या सावलीच्या जाळीखाली, उजेडात ठेवलीस, एक शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि एक काळ्या फडक्यात गुंडाळून. संध्याकाळी फडकं काढलं तर निवळी ताकासारखी पांढरी. कोपऱ्यातली थोडी गढूळ. उजेडातली जवळजवळ स्वच्छ.

"बघ भाई. श्वास तिघांनी घेतलाय. पण उजेडात झाड तो सोडलेला श्वास परत वापरतं, रांधायला. अंधारात रांधणं बंद, नुसतं खाणं चालू."

मी म्हटलं, "काळ्या फडक्यात तूच तोंड घालून बघत होतास. तो तुझाच श्वास."

तू इतका हसलास की खाली बसलास. त्या दिवशी मला कळलं होतं, रफीक. कळलं होतं आणि मी मानलं नाही.

मशिदीतून मिळणारं नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर शेडमध्ये टांगलेलं असायचं. मी त्यात मगरिब बघायचो आणि पाइप गुंडाळायला घ्यायचो. तू सूर्योदयापासून मगरिबपर्यंतचे तास मोजून प्रत्येक तारखेशेजारी पेन्सिलीनं लिहायचास. आपल्या रत्नागिरीला मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान दिवसात दोनेक तासांचा फरक, इथं तीनच्याही वर, हे तू मला त्याच कॅलेंडरवर दाखवलंस. "सप्टेंबर इथला वाईट, भाई," म्हणायचास. "दिवस आखडतो, पण ही समुद्राकाठची दमट रात्र काही गार होत नाय. रांधायला वेळ कमी, आणि गरम रात्री झाडाला भूक जास्त. तेव्हा जाळी एकच ठेवायची. त्यांचा उजेड काढून घ्यायचा नाय."

मी म्हणायचो, आपल्याकडं कलमाला सावली देतात. पानं करपतात ती मी डोळ्यांनी बघतो, तुझी पेटी बघत नाही. आणि शेजारच्या बागेत जा. खजुराखाली लिंबं उभी आहेत की नाहीत? किती दाट सावली! ती कशी जगतात?

"ती सावलीतच वाढलीत. त्यांचं पान पातळ, श्वास हळू, खाणं थोडं. आपली कलमं उन्हात वाढलेली. त्यांना एकदम सावलीत ढकललंस तर रांधणं बंद होईल, भूक मात्र आधीचीच राहील. उपाशी मरतील."

"सावलीत बसून उपाशी मेलेला कुणी बघितलास का तू?"

"बघू पण नये, भाई."

गेल्या वर्षी सप्टेंबरात कफीलनं तुला तीन आठवडे ताइफला पाठवलं, त्याच्या भावाच्या गुलाबाच्या बागेत. निघताना तू दोनदा सांगितलंस, जाळी एकच. दोनदा सांगितलंस हेच मला लागलं. एकदाच सांगितलं असतंस तर मी... नाही. तरी मी तेच केलं असतं. खोटं कशाला लिहू?

चौथ्या दिवशी पानांच्या कडा वाळलेल्या दिसल्या. मी लिंबाच्या कलमांवर दुसरी जाळी चढवली. खाली उभा राहिलो तर अंगाला बरं वाटलं. मला बरं वाटलं म्हणजे झाडालाही वाटत असणार, एवढीच माझी अक्कल. पहिला आठवडा कलमं टवटवीत होती आणि मी मनातल्या मनात तुला बोलवून दाखवत होतो, ये, बघ. मग शेंडे लांबट निघाले, फिकट, दोऱ्यासारखे. मग खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी पाणी वाढवलं. तू यायच्या आदल्या दिवशी दुसरी जाळी काढली आणि घडी करून शेडमध्ये गोण्यांखाली ठेवली. त्या फिकट पानांवर ऊन एकदम पडलं. जी थोडी तग धरून होती तीही त्या एका दिवसात गेली.

तू आलास. पिशवी खाली न ठेवताच वाकलास. एक खोड नखानं खरवडलंस, एक कलम उपटून मुळं पाहिलीस. मग वर बघितलंस, तारेकडं. जाळी काढली होती, पण ती बांधायला वापरलेले सुतळीचे तुकडे तारेवर तसेच लोंबत होते.

"काय झालं, भाई?"

"रोग लागला."

"कुठला?"

"मला काय ठाऊक? मी शिकलेला आहे काय?"

 तेवढ्यात कफीलची गाडी आली. तो वाफ्यांच्या मधून चालत शेवटपर्यंत गेला, परत आला. "मीन सव्वी?" म्हणाला. कुणी केलं? त्या उन्हाळ्यात तो दोनदा बोलला होता की हाजी म्हातारा झाला, आता याचा इकामा, इथं राहायचा परवाना, पुढं वाढवायचा नाही. ते तुलाही ठाऊक होतं, मलाही. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.

"अना," म्हणालास. मी. "जाळीचं मी चुकीचं सांगून गेलो."

मी तिथंच होतो, हातात पाण्याचा पाइप. बंद करायचं सुचलं नाही. पाणी माझ्या चपलांवरून वाहत राहिलं आणि मी गप्प.

महिन्याभरात तुला जुबैलला धाडलं, एका ठेकेदाराकडं, रस्त्याकडेची झाडं आणि हिरवळ राखायला. पहाटे कंपनीची बस, डोक्याला फडकं, हातात कात्री. मुहंदिसचा कामगार झाला. आणि गावात बातमी गेली ती अशी की रफीकनं सगळी कलमं मारली. शिकलेला, पण कामात कच्चा. मशिदीच्या ओट्यावर हे बोललं गेलं. मी हिवाळ्यात सुट्टीवर गेलो तेव्हा माझ्यासमोरही बोलले. "चाचा, तुमचा हात असता तर कलमं जगली असती." मी मान डोलावली, रफीक.  हे तुला ठाऊक नव्हतं. आता झालं.

तुझा फोन दर जुम्म्याला यायचा. तब्येत विचारायचास, गुडघा विचारायचास, मग हळूच, "जाळी?"

"एकच आहे."

"बरं."

एकदा तू म्हणालास, "भाई, त्या वेळचं एक बोलायचं होतं..." मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय," आणि फोन बंद केला. आवाज स्वच्छ येत होता. तू काय बोलणार होतास? मला दोष देणार होतास की माझी समजूत काढणार होतास? मला दोन्ही ऐकायचं नव्हतं. आज त्या अर्ध्या वाक्यासाठी मी काय वाटेल ते देईन, पण घेणारा कोण आहे?

तू गेल्यावर कुणी म्हणालं ऊन, कुणी म्हणालं दगदग, डॉक्टरनं लिहिलं हृदय. मला फक्त एवढं विचारायचं होतं की इथं आपल्या शेडमध्ये कलमं सांभाळत राहिला असता तर हा माणूस गेला असता का. डॉक्टरला विचारलं नाही. तो "नाही" म्हणाला असता तर मी कुठं जाणार होतो? आणि असल्या अवघड गोष्टी मी आजवर ज्याला विचारत आलो, तो तूच होतास.

मग मी काय केलं ते ऐक. हसू नको. कुणाला सांगायच्या आधी मला हे बघायचं होतं की मी खरंच चुकलो होतो की नाही. तेवढा हट्ट तरी माझा राहू दे. सप्टेंबर लागलाच होता. लिंबाच्या कलमांच्या तीन ओळी वेगळ्या काढल्या. पहिलीवर एक जाळी. दुसरीवर एकदम दोन, तेव्हा केलं होतं तसंच. आणि तिसरीवर तुझ्याशी भांडायचं म्हणून दर चार दिवसांनी थोडी थोडी सावली वाढवत नेली, झाडाला सवय होईल अशी. पाणी तिघांना सारखं, फवारणी सारखी. बाविसाव्या दिवशी दुसरी ओळ गेली. तेच लांबट शेंडे, तीच पिवळी पानं. रोगबिग काही नाही. शेजारची ओळ हिरवीगार, तिच्यावर एक डाग नाही.

पण तिसरी ओळ जगली, रफीक. वाढ नाही, अंग नाही, पण जिवंत आहे. हे सांगायला मी खिशातून फोन काढला होता, तुझा नंबर लावायला. "बरोबर आहे भाई, त्यांनी भूक आवरली," असं म्हणाला असतास? की त्यातही माझं काहीतरी चुकलेलं काढलं असतंस? तिचा श्वास खरंच हळू झाला का, बघावं म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची पानं काळ्या फडक्याखाली बरण्यांत ठेवून बघितली. दोन्ही वाट्या मला सारख्याच पांढऱ्या दिसल्या. माझे डोळे अधू झालेत, की मला मापच जमलं नाही, कोण सांगणार? हा वाद अर्धाच राहिला. एवढ्या एका वादात मी थोडा बरोबर असेन आणि ते कबूल करणारा उरला नाही.

दुसऱ्या ओळीचं मात्र काही अर्धं नव्हतं. ती मी उपटली, हात धुतले आणि कफीलकडं गेलो. इकामा आणि पासपोर्टची झेरॉक्स बरोबर घेतली होती. परत पाठवायचं तर पाठव, असं ठरवूनच गेलो. तो मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, एकटाच कहवा पीत होता. आमची नेहमीची मोडकी भाषा, थोडी अरबी, थोडी हिंदी. पण सगळं सांगितलं. जाळी, सुतळी, गोण्या, पाइप, सगळं.

"इंता?" म्हणाला. तू?

"हो. मी."

त्यानं कहव्याचा फिंजान खाली ठेवला. मला वाटलं आता भडकेल. भडकला नाही. म्हणाला, "हाजी, तू त्या दिवशी बोलला असतास तर मी ओरडलो असतो. एक दिवस, दोन दिवस. मग खलास. म्हातारा माणूस चुकतो, त्याला कुणी घालवतं का? मुहंदिस चुकला म्हणून मी घालवला. मुहंदिसनं चुकायचं नसतं."

"पण माझा इकामा? तुम्ही म्हणाला होतात..."

"ते मी दर वर्षी म्हणतो."

मी पुढ्यात ठेवलेला इकामा त्यानं उचलून माझ्या हातात परत दिला. "अल्लाह यरहमू," म्हणाला. अल्लाह त्याच्यावर रहम करो. "चांगला माणूस होता. जा, कलमांना पाणी दे."

बाहेर येऊन भिंतीला टेकलो. ज्या नोकरीसाठी तू स्वतःला मध्ये घातलंस, ती जाणारच नव्हती. मी बोललो असतो तर काय झालं असतं? दोन दिवस ओरडणं. चार कामगारांपुढं मान खाली. तेवढंच. तेवढं मला झेपलं नाही.

शबानाला, तुझ्या बायकोला, मी त्याच दिवशी फोन केला. कफीलचं वाक्यसुद्धा सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. तिकडं कढईत काहीतरी चुरचुरत होतं. ते थांबलं, तिनं गॅस बंद केला असावा.

"भाई, ते मला म्हणाले होते की रोग लागला."

"कोण म्हणाला?"

"तेच. मी विचारलं कुठला रोग, तर म्हणाले, मला काय ठाऊक."

 झाडाबद्दल "मला काय ठाऊक" असं तू आयुष्यात कधी कुणाला म्हणालास, रफीक? वाटेनं जाताना परक्याच्या कुंडीसमोर थांबून त्याला समजावून सांगणारा माणूस तू. माझं खोटं तू तुझ्या घरात, तुझ्या बायकोला, तुझ्या तोंडानं सांगितलंस.

मी म्हटलं, "शबाना, माफ कर."

"मी कशी करू, भाई? हे तुम्ही त्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते. हसून सोडून दिलं असतं. मला हसू नाय येत." मग म्हणाली, "पोरांना मीच सांगीन. तुम्ही सांगू नका. पण गावात तुम्ही सांगा."

म्हणून हे छापायला देतोय. ओट्यावर बसणाऱ्यांनो, रफीक कामात कच्चा नव्हता. माझ्या सबंध हयातीत मी त्याच्याइतका पक्का माणूस बघितला नाही. तो ताइफला गेल्यानंतर, दोनदा बजावलेलं असताना, कलमं मी मारली, मी, इस्माईलनं. नंतर खोटं बोललो आणि त्याला बोलू दिलं. ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीतरी हे मोठ्यानं वाचून दाखवा.

रफीक, तुझ्यासाठी पाचही वेळा हात उचलतो, पण दुआ पुरी होत नाही. "या अल्लाह, माझ्या भावाला" इथवर नीट येतो. पुढं तुझ्यासाठी मागायचं असतं, आणि तोंडातून माझ्यासाठीच मागणं निघतं. मग थांबतो, परत पहिल्यापासून सुरू करतो.